बस्त्यावकाकांच्या वाट्याचा आवाज

"चौथी फोटोसाठी उभी असेल," कॅजिटन म्हणाला.

रेकॉर्डचं कव्हर आम्हां चौघांच्या मध्ये टेबलावर पडलं होतं. कव्हरवर समुद्र, समुद्राकाठी बाकडं, आणि बाकड्याला टेकून ब्राझीलमधली चार माणसं. दोन पुरुष, दोन बाया, चौघांचीही तोंडं उघडी. पण रेकॉर्ड लावली की आवाज यायचे तीनच. एक पुरुषाचा जाड आवाज, एक पुरुषाचाच पातळ, आणि त्यांच्या वर तरंगणारी एक बाई. दुसऱ्या बाईचा पत्ता नव्हता.

"फोटोसाठी कुणी तोंड उघडं ठेवून उभं राहतं का?" मी विचारलं.

"ओल्गा राहते," इनास म्हणाला. ओल्गाने त्याला कोपराने ढोसलं.

हसले सगळे, मीही हसले. पण तीन आवाजांची वाटणी कशी होणार हे मला दिसत होतं. जाड आवाज कॅजिटनचा, पातळ इनासचा, तरंगणारी बाई म्हणजे ओल्गा. उरले मी.

ही चौसष्ट सालची गोष्ट. आमचं गाव वसईच्या पट्ट्यातलं, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांचं. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, ती इथे लिहिली तर वसईबाहेर कुणाला कळणार नाही, म्हणून सरळ करून लिहिते आहे. कॅजिटन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. नोटेशन वाचता येणारा गावात तो एकटाच, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू द्यायचा नाही. त्याचे आजोबा बोटीवर आचारी होते. शेवटच्या सफरीत त्यांनी ही रेकॉर्ड आणली आणि ऐकायच्या आधीच ते वारले. तीन वर्षं ती कपाटात पडून होती. नाताळात कॅजिटनने ती काढली, लावली, आणि त्याचं डोकं फिरलं.

त्याचं एकट्याचं नाही. आम्ही चर्चच्या क्वायरमधले, छपराची कौलं हलतील असं गाणारे. इथे ही माणसं शेजारच्या खोलीत मूल झोपलंय असं धरून गात होती. तिन्ही आवाज एकमेकांना चिकटून चालायचे, आणि मध्येच अशा सुरावर जाऊन बसायचे की वाटावं चुकले. पुढच्या क्षणी कळायचं की चुकलेलो आपण. कव्हरवर नाव होतं बोसा नोव्हा. शब्द पोर्तुगीज. आमच्या पूर्वजांना पाद्र्यांनी त्याच भाषेत नावं दिली, पण नावांपलीकडे आम्हांला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. फादरांनी एकदा ऐकून सांगितलं, समुद्र आहे, संध्याकाळ आहे, एक मुलगी आहे, पाप काही नाही. मग कॅजिटनने ठरवलं की ईस्टरनंतर पॅरिश हॉलच्या कार्यक्रमात आम्ही चौघांनी हे म्हणायचं.

"चौघांनी कसं?" तो आता म्हणत होता. "आवाज तीन आहेत. मी लिहून काढलेत. चौथा नाहीच, तर मी आणू कुठून?"

"तुला सुचेल तो दे मला."

"नातालिना, ही त्यांची रचना आहे. त्यात आपण भर घालायची नसते."

भर हा शब्द मला नवा नव्हता. अकरा वर्षांची असताना क्वायरच्या मास्तरांनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, हिचा आवाज भरीचा आहे, दुसऱ्या रांगेत उभी करा. तेव्हापासून अकरा वर्षं मी दुसऱ्या रांगेत होते. भरल्या वांग्याला चव भरीचीच असते, अशी आई समजूत घालायची. पण ताटात वाढताना सगळे वांगंच मोजतात. एकदा तरी चौघांत उभं राहावं, माझा असा एक आवाज असावा, आणि मी गप्प बसले तर कुणाला तरी कळावं, एवढंच मला हवं होतं.

"पुढच्या रविवारपर्यंत बघू," कॅजिटन उदारपणे म्हणाला. "चौथा आवाज सापडला तर चौघं. नाहीतर तू पानं उलट."

"गाणं पाठ असणार. पानं कसली?"

"कागद असला की लोकांना बरं वाटतं."

ह्या माणसाशी मी पुढे लग्न केलं, त्यामुळे त्याच्याविषयी जास्त लिहीत नाही.

मी ते कव्हर घरी नेलं. माझा टीचर ट्रेनिंगचा अभ्यास चालू होता, डिक्शनरी हाताशी होती. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत पुष्कळ काही छापलं होतं. पुढच्या बाजूला कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'स्टिरिओ' होतं. ते आम्ही कंपनीचं नाव समजत होतो. मागे लिहिलं होतं की ह्या रेकॉर्डमधलं संगीत दोन स्पीकरांत विभागलेलं आहे, काही इकडून येईल, काही तिकडून, तरी दोन्ही स्पीकर आठ फुटांवर ठेवून श्रोत्याने मधोमध बसावं.

ते मी तीनदा वाचलं. आणि मला बस्त्यावकाकांच्या ओटीवरची क्रोटनची कुंडी आठवली.

कॅजिटनचे वडील पास्कोल आणि बस्त्यावकाका हे सख्खे भाऊ. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या. पंच बसले आणि त्यांनी सगळं बरोब्बर अर्धं केलं. तांब्याची भांडी जोडी फोडून दिली. विहिरीचं पाणी एक दिवस ह्याला, एक दिवस त्याला. घराच्या मधोमध भिंत आली, अंगणात कुंपण आलं. शेवटी राहिला आजोबांनी बोटीवरून आणलेला रेडिओग्राम. त्याचं एक मशीन होतं आणि स्पीकरची दोन खोकी. मशीन फोडता येईना, म्हणून ते मोठ्या भावाला, पास्कोलकाकांना गेलं आणि त्याबदल्यात शिवणयंत्र धाकट्याला. खोकी दोन, भाऊ दोन, तेव्हा एकेकाला एकेक. पंचांच्या दृष्टीने याहून सरळ हिशोब नव्हता. दुसरं खोकं नुसतं आवाज मोठा यायला असतं, असंच सगळे धरून चालले होते. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

बस्त्यावकाका माझे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यांनी मला हातांत धरलं होतं, त्यामुळे त्या घरात मी केव्हाही जाऊ शकत होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. एकटे राहायचे, स्वतः रांधायचे, आणि कुणी आलं की पहिलं वाक्य त्या खोक्यावर असायचं. त्या दिवशीही होतं.

"बघ," ते खोक्यावरच्या कुंडीला पाणी घालत म्हणाले. "त्याला वाजणारं दिलं, मला न वाजणारं. कुंडीला ठीक आहे."

"काका, ते वाजेल. त्यात गाणं आहे."

"खोक्यात?"

"पास्कोलकाकांच्या रेकॉर्डमधलं अर्धं गाणं ह्यातून येतं. कव्हरवर छापलंय. चौथी बाई ह्यात असणार."

त्यांनी झारी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या वाट्याचं गाणं तीन वर्षं त्याच्याकडे अडकून पडलंय?"

मला असं म्हणायचं नव्हतं, पण मी मान डोलावली.

पुढचे चार दिवस मी कुंपणाच्या ह्या बाजूहून त्या बाजूला नुसती फिरत होते. बस्त्यावकाका म्हणाले, खोकं माझ्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. पास्कोलकाका म्हणाले, मशीन माझ्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. पास्कोलकाका म्हणाले, त्याने इकडे येऊन ऐकावं, मी काही नको म्हटलेलं नाही. बस्त्यावकाका म्हणाले, मला कुणी बोलावलेलं नाही. शेवटी इनास, जो टेलिफोन खात्यात होता, बावीस वार वायर घेऊन आला. वायर पास्कोलकाकांच्या खिडकीतून निघाली, अंगणावरून कुंपण ओलांडून बस्त्यावकाकांच्या खिडकीत शिरली. कुणाचा उंबरा ओलांडला गेला नाही.

रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर सगळे जागेवर बसले. त्या घरात मशीनपाशी कॅजिटन, इनास, ओल्गा आणि पास्कोलकाका. ह्या घरात मी आणि बस्त्यावकाका. त्या बाजूच्या कुणालाही काकांनी आत यायला मनाई केली होती. कुंपणापाशी उभं राहिलं तर सगळं एकदम कालवल्यासारखं ऐकू यायचं, काही वेगळं काढता येत नव्हतं. म्हणून कॅजिटनने मला कागद-पेन्सिल दिली. "खोक्याजवळ बस आणि चौथीचा सूर उतरवून घे," म्हणाला. "सा-रे-ग-मात लिहिलंस तरी चालेल." नोटेशन न येणाऱ्यांसाठी एवढी सूट होती.

कुंडी खाली उतरवली. लाकडावर तिचा गोल डाग पडला होता. काकांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, मग खुर्ची ओढून खोक्यासमोर बसले. स्वच्छ सदरा घातला होता त्यांनी, मिसेला घालतात तो.

"लावतो," पलीकडून कॅजिटन ओरडला.

खोक्यातून आधी खरखर आली. मग एक गिटार सुरू झाली, मऊ, एका लयीत, जरा मागे रेंगाळणारी. तिच्याखाली कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत होतं. ती ढोलावर ब्रश फिरवण्याची रीत असते हे मला फार नंतर कळलं. आम्ही महिनाभर टाळ्या वाजवून जो ताल शोधत होतो, तो सगळा इथे होता. मी कान लावून बसले. पहिलं कडवं गेलं. बाई आली नाही. दुसरं गेलं. पलीकडच्या घरातून तिघांचे आवाज भिंतीतून पुसट येत होते, पण खोक्यात गिटार आणि पाखडणं, बाकी काही नाही.

"पुन्हा," मी खिडकीतून ओरडले.

पुन्हा लावली. आता मी खोक्याच्या कापडाला कान टेकवला. काकाही दुसऱ्या बाजूने टेकवून बसले. आमची डोकी एकमेकांवर आपटली. बाई नव्हती. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी ऐकणं सोडून काकांकडे बघत होते. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. फोटोतली चौथी बाई खरंच फोटोसाठी उभी होती. नाहीतर गिटार वाजवत असेल, देव जाणे. माझ्या हातातला कागद कोरा होता. मला रडू येत होतं, आणि पुढच्या क्षणी कॅजिटन 'मिळालं का' म्हणून ओरडणार हे माहीत होतं.

ओरडले ते पास्कोलकाका. खिडकीशी येऊन, थेट. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"काय रे बस्त्याव, आहे का तुझ्या खोक्यात काही? की नुसतं पाखडणं?"

बस्त्यावकाका उठले. खिडकीशी गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"आहे," ते म्हणाले. "बाई आहे. बारीक आवाजाची. तुझ्याकडे नाही ती."



"खरं?" पास्कोलकाका म्हणाले.

"तुझ्याकडे तीन आहेत ना? मग एक तरी माझ्याकडे असणारच. बाबांनी काय सगळं तुझ्यासाठीच आणलं होतं?"

मग ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. धर्मपित्याने खोटं बोलून मुलीकडे बघावं तसं नव्हतं ते बघणं. सरळ विनवणी होती. मला एकदम कळलं की माझ्याहून ह्या माणसाचं जास्त काही त्या खोक्यात अडकलंय.

"नातालिना, लिहून घेतलंस?" कॅजिटनचा आवाज आला.

"घेतलं," मी म्हणाले.

"मग खिडकीतून म्हणून दाखव. मी इकडून लावतो."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. काकांनी हळूच विचारलं, "येईल का गं?" मी म्हणाले, "बघते." आणि रेकॉर्ड चौथ्यांदा सुरू झाली.

गिटार माझ्या समोर होती. तिघं दूर होते, भिंतीपलीकडे. आजवर मी त्यांच्या मागे उभी राहून, त्यांच्या सुराला चिकटून गायले होते. आता चिकटायला कुणी नव्हतं. मी ताल पकडला आणि ओल्गाच्या खाली, इनासच्या वर, जिथे महिनाभर मला एक भोक दिसत होतं, तिथे जाऊन बसले. हळू गायले, कारण जोरात गायचं धाडस नव्हतं. शब्द निम्मे खोटे होते. एका ठिकाणी तिघं खाली उतरतात, तिथे मी उतरले नाही, तशीच थांबले. भीतीने थांबले, पण ते फार गोड लागलं. काकांचा पाय जमिनीवर हलत होता. गाणं संपलं तेव्हा मला माझाच आवाज आवडला होता. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

पलीकडे सुई उचलल्याचा खट्ट आवाज आला.

"अच्छा, असं आहे होय ते," कॅजिटन म्हणाला. "ती तिथे थांबते, बाकीचे उतरतात. ह्यांची कमाल आहे. आपल्याला असं सुचलंच नसतं."

"नाही ना," मी म्हणाले.

"अवघड आहे पण. तुला जमेल का नेहमी?"

"प्रयत्न करीन."

ईस्टरनंतर हॉलमध्ये आम्ही चौघं उभे राहिलो. ताल मिळाला होता, त्यामुळे टाळ्या सुटल्या आणि इनास गिटार शिकला, निदान तीन बोटं. पहिल्या कडव्याला मागून एक आजी ओरडली, "पोरांनो, जेवला नाहीत का? आवाज काढा." पण दुसऱ्या कडव्यापर्यंत हॉल गप्प झाला. पहिल्या बाकावर दोन टोकांना दोघं भाऊ बसले होते, मध्ये तीन माणसांची जागा मोकळी. मी त्या सुरावर थांबले तेव्हा बस्त्यावकाका शेजारच्या खांबाला ऐकवावं तसं म्हणाले, "हा माझ्याकडचा." आणि पास्कोलकाका दुसऱ्या टोकाहून म्हणाले, "मशीन माझं आहे."

त्यांची दिलजमाई झाली असं मी म्हणणार नाही. वायर मात्र निघाली नाही. पुढे अकरा वर्षं ती अंगणावर होती, आणि दोघं तिच्यावरून बोलायचे. वायरवर टॉवेल वाळत घालू नकोस. आज लावणार आहेस की नाही, मी दार उघडून बसलोय. आवाज कमी कर, माझ्या बाजूला फार येतोय. बाहेरून ऐकणाऱ्याला भांडण वाटायचं. आमच्याकडे त्यालाच बोलणं म्हणतात.

आम्ही वीस वर्षं चौघं गात होतो, लग्नांत, सणांत, एकदा वांद्र्यालाही. कॅजिटनला खरं मी अजून सांगितलेलं नाही. आता तो ते गाणं फोनवर ऐकतो, टोरांटोच्या पुतण्याने पाठवलेलं, आणि दर वेळी म्हणतो, "फोनवर चौथी नीट येत नाही." मी म्हणते, फोनचं काय खरं असतं. हे तो वाचेल अशी भीती नाही. तो फक्त नोटेशन वाचतो.

बस्त्यावकाका एकोणनव्वद साली गेले. शेवटच्या महिन्यात मी रोज पेज घेऊन जायचे. एका दुपारी ते उशीला टेकून बसले होते, आणि मला वाटलं झोपलेत.

"नातले," ते म्हणाले, "त्या दिवशी खोक्यात बाई नव्हती."

"नव्हती."

"मी खोटं बोललो. पास्कोलशी. आणि फादरांकडे ते कबूलही केलं नाही कधी."

"मीसुद्धा नाही केलं."

ते हसले, मग खोकले, मग पाणी प्यायले. "म्हणजे रिकामंच होतं ते," म्हणाले. "पंचांनी मला रिकामंच दिलं."

इतकी वर्षं ते हे मनात धरून होते, आणि मी त्यांच्याकडे पेज घेऊन जात होते आणि मला पत्ता नव्हता. 

"काका," मी म्हणाले, "पास्कोलकाकांच्या खोक्यासमोर मी महिनाभर बसले होते. एक सूर सुचला नाही. तुमच्यासमोर बसले आणि सुचला. रिकामं असतं तर मी कुठून गायले असते?"

त्यांचं समाधान करायला म्हणून मी बोलायला लागले होते. वाक्य संपेपर्यंत मला कळलं की हे खरंच तसं झालं होतं.

ते छताकडे बघत राहिले. "पास्कोलला सांगू नकोस हं," म्हणाले.

पास्कोलकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. "नाही सांगत," मी म्हणाले.

"नको. भेटला की मीच सांगतो."

घर पुतण्यांना गेलं, वाडी पुतण्यांना गेली. खोकं मात्र काकांनी माझ्या नावावर ठेवलं होतं. हातगाडीवरून आमच्या नव्या घरी आलं, वर कुंडीचा गोल डाग तसाच. आता ते आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. वायर नाही, पुढचं कापडही उंदरांनी खाल्लंय. कॅजिटन येता-जाता त्यावर वर्तमानपत्र ठेवतो, चष्मा ठेवतो, कधी चहाचा कप. मी ते उचलते आणि दुसरीकडे ठेवते.